एका डीपीवरचे सगळे पंप आणि माझी गाडी

इलेक्ट्रिक गाडी घेऊन गावाकडं निघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आपलं दुःख एकच आहे. नकाशावर चार्जर दिसतो, जागेवर नुसता डबा उभा असतो. मंचरला मिसळ खाईपर्यंत गाडी भरेल, असा माझा बेत होता. मिसळ झणझणीत होती. चार्जर बंद होता.

चरफडत नारायणगाव गाठलं, तिथून बोरी बुद्रुकला वळलो. रस्ता चांगला आहे. मुक्काम ओळखीच्या विमलताईंच्या मळ्यात. त्यांनी पडवीतलं सॉकेट दिलं, पिठलं-भाकरी वाढली. दुपारी लाइट गेली, तासाभरानं आली आणि लगेच खांबावरच्या डीपीत, म्हणजे आसपासच्या सगळ्या मळ्यांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, ठो! फ्यूज उडाला.

ताईंचा चेहरा उतरला. नुकत्याच लावलेल्या टोमॅटोच्या रोपांना दुपारचं पाणी मिळालं नव्हतं, त्यांनी माना टाकल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पंप चालला नाही, तर सगळी रोपं जाणार होती.

शेजारचे दत्तूभाऊ बांधावरूनच ओरडले, "पावणं, तुमच्या गाडीनं डीपी खाल्ला राव!"

माझं डोकं सणकलं. "भाऊ, गाडी तीन किलोवॅट ओढते, तुमच्या पंपाहून कमी! दहा तास ओढलं की तीस युनिट. युनिट म्हणजे विहिरीतून एकूण किती पाणी उपसलं. किलोवॅट म्हणजे ते किती जोरात उपसलं. दिवसभर उपसा, पाइप फुटत नाही. एकदम जोर लावला की फुटतो. तुम्ही सगळ्यांनी पंपांना ऑटो स्विच लावलेत. लाइट आली की सगळे एकदम सुरू, आणि सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट मागते. फ्यूज किती सोसणार?"

"मी ऑटो काढला आन् बाकीच्यांनी ठिवला, तर त्येंच्या मोटरी आधी लागून सगळं व्होल्टेज खातील, मला पाणी मिळायचं न्हाई!"

"आत्ता कुणाला मिळतंय?"

"भाषण लई झालं," विमलताई म्हणाल्या. "पावणं, लाइट आल्यावं तुमची गाडी कोण चालू करतं?"

ती आपोआपच चालू होते.

मी उठून वायर काढली. ताईंनी आधी स्वतःचा ऑटो काढला, मग बांधाबांधानं हाका घालत फिरल्या. दत्तूभाऊ कुरकुरत मागोमाग. एकानं शेवटपर्यंत ऐकलं नाही. तरी वायरमननं फ्यूज टाकल्यावर एकेक करत मोटरी लागल्या, पहिली ताईंची. दिवस मावळायच्या आत रोपं भिजली. गाडी सगळ्यात शेवटी लावली. सकाळी लेण्याद्री झालं.

पुण्यात परतलो तरी संताप जात नाही, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच आहे. बिलावरचे युनिट आपल्याला पाठ असतात, पण एका वेळी किती ओढतो हे आपण कधी विचारत नाही. लोकहो, मळ्यावर मुक्कामाला असाल आणि लाइट गेली, तर उठा आणि गाडीची वायर सॉकेटातून काढा.