धोतराला लागलेलं काजळ

आमच्या यजमानांचं बाहेर काहीतरी आहे, हे मला त्यांच्या धोतरावरून कळलं.

सोमवारची सकाळ होती. धुणं वेगळं काढताना धोतराच्या सोग्याला चांगला हातभर काळा डाग दिसला. बोट लावून पाहिलं, तर चिकट. काजळ! आणि त्याच सोग्यात अडकलेला एक केसांचा आकडा. माझे आकडे पितळी होते. हा लोखंडी होता, काळा, भक्कम, म्हणजे केसही तसेच दाट असणार!

हे खामगावच्या कोर्टात वकील. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपूरहून आलेला प्रत्येक नवा कायदा यांना पाठ असे, पण घरात मीठ कुठल्या बरणीत आहे ते माहीत नसे. असा माणूस बाहेर भानगड करेल, यावर माझा विश्वास बसला नसता. पण त्यांनी सहा महिन्यांपूर्वी फटफटी क्लबात नाव घातलं होतं, आणि तेव्हापासून दर रविवारी ते घराबाहेर असत.

या क्लबात पाच सभासद होते आणि चार फटफट्या. पाचवे सभासद म्हणजे आमचे हे, क्लबाचे चिटणीस. डॉक्टरसाहेबांच्या फटफटीला बाजूला एक डबा जोडलेला होता, त्यात हे बसत. मांडीवर पाण्याची सुरई, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू फटफटी हेच चालवताहेत आणि डॉक्टर उगीच शेजारी बसलेत! दर रविवारी मंडळी एखाद्या गावी जात. डॉक्टर तापाच्या गोळ्या वाटत, कुणी बिघडलेला पंप दुरुस्त करी, आमचे हे भाषण करीत. (गोळ्या कडू होत्या, तरी लोक आधी त्याच घेत.) मग एखाद्या आमराईत रोडगे भाजून, जेवून परत.

मी आकड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सहज विचारलं, "काल रोडगे कसे झाले होते?"

"झकास! वांग्यात मीठ तेवढं जरा कमी होतं."

मंगळवारी हळदीकुंकवाला डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "या खेपेला वांगी कुठली! नुसतं वरण केलं होतं म्हणे. आणि वकीलसाहेब जेवायला थांबत नाहीत का हो हल्ली? त्यांच्या वाटचे रोडगे आमच्या घरी येतात. आम्ही दोन दोन दिवस तेच खातो!"

माझ्या हातातली वाटी कलंडली.

पुढच्या रविवारी हे लंगडत आले. गुडघ्याला पट्टी, आणि अंगाला टिंक्चरचा वास.

"काय झालं?"

"डास चावला."

"डास? आणि त्याला पट्टी?"

"मोठा होता," असं म्हणून ते पाय धुवायला गेले.

आता मात्र मी सासूबाईंना सगळं सांगितलं. पुरावा म्हणून धोतर दाखवलं, आकडा दाखवला. सासूबाईंचं सारं आयुष्य खेड्यात शेती सांभाळण्यात गेलं होतं. कापसाचा बोजा नुसता पाहून आतला ओला कापूस ओळखणारी बाई! त्यांनी डाग उजेडात धरला, हुंगला, आणि हळूच विचारलं, "धोतराच्या सोग्याले काजळ कसं लागते वो?"

"तेच तर!"

"मी सांगतो. ते याच्या पायाशी बसून रडली असंल. आन् डोळे याच्याच धोतराले पुसले असतीन."

मी पदर डोळ्यांना लावला. ही गोष्ट मला सुचलीच नव्हती!

"रडू नको," सासूबाई म्हणाल्या. "बापू माह्या पोटचा हाय, पण तंगडं त्याचं मीच तोडीन. येत्या ऐतवारी जाऊ मांगं मांगं."

त्या रविवारी क्लब नांदुऱ्याला जाणार होता. फटफट्या फाटकातून आवाज करीत गेल्या, आणि इकडे आम्ही दोघींनी स्टेशन गाठलं. हरिनामाला निघालो आहोत असं शेजारी सांगितलं होतं. जलंबला गाडी बदलायची होती. तिथे फलाटावर बसल्या बसल्या सासूबाईंनी तीन बायकांचे आकडे तपासले. एक तर झोपली होती बिचारी! सासूबाई मागून वाकून तिचा अंबाडा न्याहाळत होत्या, तेवढ्यात तिचा नवरा आला.

"काय पाह्यता वो मावशी?"

"उवा," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.

नांदुऱ्याला उतरून टांगा केला. टांगेवाला चांगला बोलका होता. मी आडून आडून विचारलं, "खामगावचे फटफटीवाले साहेब येतात ना इथं?"

"हाव जी! आजही आले. तिकडं आमराईत रोडगे थापून राह्यले."

"सगळे?"

"वकीलसाहेब नाही. ते दर ऐतवारी सुंदराबाईकडे जातेत. फटफट्या कोण्याही गावाले जावो, ते डब्यातून इथंच उतरतेत."

सुंदराबाई! नावसुद्धा साधं नव्हतं. मी टांग्याचा दांडा घट्ट धरला.

"कोण रे ही सुंदराबाई?" सासूबाईंनी विचारलं.

"दाईबाई हाय जी. मोठी चांगली बाई. अर्ध्या नांदुऱ्याचे बाळंतपणं तिनं केले."

मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. दाई! म्हणजे प्रकरण काजळापाशी थांबलेलं नव्हतं. यांनी कुणाला तरी बाळंतपणासाठी दाईकडे आणून ठेवलं होतं!

मला दोन मुली. त्यावरून सासूबाई मला कधी टोचून बोलल्या नव्हत्या, पण दर शनिवारी मारुतीला तेल कशासाठी जातं हे मला ठाऊक होतं. टांगा बाजारातून पुढे निघाला तेव्हा त्या "तंगडं तोडीन" असं म्हणत होत्या. वळणापाशी म्हणाल्या, "त्या बिचारीचा तरी काय दोष?" आणि जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापाशी आलो तेव्हा स्वतःशीच पुटपुटल्या, "डिंकाचे लाडू आणाले पायजे होते."

"सासूबाई!"

"मी काय म्हनलं? काही नाही म्हनलं!"

जिनाला लागूनच असलेल्या सुंदराबाईंच्या घराला बाहेरून कडी होती. मला काही सुचेना. वाटलं, चार भले लोक साक्षीला हवेत, निदान डॉक्टरसाहेब तरी. मी टांगेवाल्याला म्हटलं, "आमराईत जा आणि डॉक्टरसाहेबांना सांग, वकीलसाहेबांची बायको दाईबाईकडे आली आहे, ताबडतोब या."

टांगेवाल्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. माझा चेहरा घामानं डबडबलेला, हात पोटावर. (कमरेचा बटवा सांभाळत होते, म्हणून!) "घाबरू नका जी, आत्ता आनतो!" म्हणत त्यानं घोड्याला असा चाबूक दिला, की टांगा एका चाकावर वळला. केवढा कनवाळू माणूस, असं मला वाटलं.

आम्ही पायरीवर बसून वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं जिनाच्या मागून आवाज आला. यांचा आवाज!

"सोडू नका! बाई, मला सोडू नका हो!"

मग एक बाईचा आवाज, "किती दिवस धरून ठेवू वकीलसाहेब? आज मी सोडणार!"

"मी पडेन!"

"पडा! मी आहे ना!"

सासूबाईंनी माझा दंड धरला. "आयकलं? पाया पडून राह्यला तिच्या!"

आम्ही भिंतीच्या कडेनं धावलो. (नऊवारीत सासूबाई माझ्यापुढे होत्या.) कोपरा वळलो, आणि पाहते तर काय!

जिनाच्या मागच्या मोकळ्या जागेत आमचे हे सायकलवर बसले होते. बायकांच्या सायकलवर! धोतराचा सोगा वर खोचून त्याला आकडे लावलेले. मागे सीट धरून एक बाई पळत होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, नाकावर चष्मा, पायात काळे बूट, आणि गळ्यात शिटी. "पुढं बघा!" त्या ओरडत होत्या. "चाकाकडे नको, पुढं बघा!"

यांनी पुढं बघितलं. पुढं मी उभी होते. शेजारी त्यांची आई.

"बापू!" सासूबाई कडाडल्या. "पोट्टा झाला का पोट्टी?"

हे म्हणाले, "आई?" आणि सायकलीसकट समोरच्या सरकीच्या ढिगात घुसले. एवढी सरकी होती म्हणून वाचले. डोकं दिसेना, नुसते दोन पाय आणि एक फिरतं चाक.

त्याच क्षणी चार फटफट्या धडधडत आत शिरल्या. डॉक्टरसाहेब बॅग घेऊन उडी मारून उतरले. मागचे तिघे कणकेच्या हातांनीच आलेले. त्यांच्या मागून टांगेवाला, आणि टांगेवाल्यानं वाटेत सांगितल्यामुळे आलेला निम्मा नांदुरा!

"वहिनी कुठं आहेत?" डॉक्टर ओरडले. मला पाहून दचकले. "अहो, उभ्या काय राहता! आडव्या व्हा आधी! कुणीतरी गरम पाणी आणा!"

"कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? कळा किती वेळ येताहेत?"

सरकीतून यांचं डोकं वर आलं. मिशीत सरकी, कानात सरकी. माझ्याकडे डोळे विस्फारून म्हणाले, "अगं, हे केव्हा? मला बोलली नाहीस!"

पुढचा अर्धा तास मला आठवावासा वाटत नाही. थोडक्यात असं झालं होतं. आमच्या वाचनालयाचं उद्घाटन करायला बुलढाण्याहून डेप्युटी कमिशनरसाहेब येणार होते, आणि त्यांच्या मोटारीपुढे क्लबानं मिरवणूक काढायची होती. सगळे सभासद आपापल्या गाडीवर, आणि चिटणीस डब्यात! यांना ते फार लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी सायकलचा तोल शिका, मग फटफटी. खामगावात शिकावं तर पक्षकारांनी पाहिलं असतं. म्हणून नांदुऱ्याच्या दवाखान्यातल्या दाईबाईंकडे शिकवणी. सायकलवरून गावोगाव बाळंतपणाला जाणाऱ्या त्या एकट्याच होत्या. काजळ म्हणजे सायकलच्या साखळीचं वंगण. आकडे बाईंचे, साखळीत धोतर अडकू नये म्हणून. टिंक्चरही त्यांचंच. आणि एका डॉक्टरांखेरीज कुणालाही न सांगता सहा रविवार जिवापाड जपलेलं हे गुपित मी फटफटी क्लब आणि निम्म्या नांदुऱ्याला एकदमच बोलावून दाखवलं होतं.

डॉक्टर हसून हसून फटफटीवर पालथे पडले होते. हे मात्र हसत नव्हते. मिशीतली सरकी एकेक वेचत होते, माझ्याकडे न बघता. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, यांना डब्यात बसताना कसं वाटत असेल हे आपण कधी विचारलंच नाही.

एवढ्यात सुंदराबाई पुढे आल्या. "पण तुम्हाला इथं येण्याचं कारण काय पडलं?"

मी मान खाली घातली. सासूबाईंनी मात्र सरळ सांगून टाकलं, "आमाले वाटलं, बापूचं काही लफडं हाय."

"कुणाशी?"

सासूबाईंनी बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बुटांपाशी थांबल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "तुमाले पाह्यल्यावर नाही वाटत आता."

सुंदराबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "वहिनी," त्या मला म्हणाल्या, "वीस वर्षांची होते तेव्हा नवरा गेला. तेव्हापासून वेळी अवेळी लोकांच्या दारात जाते. या गावानं कधी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. आणि तुम्ही रेल्वेचं तिकीट काढून आलात!"

मला रडू कोसळलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला वरच्या वर धरलं.

"पाया नका पडू. शिक्षा देणार आहे मी. पुढच्या रविवारी तुम्हीही शिकायला यायचं."

जाताना टांग्यात हे आमच्यासोबत होते. स्टेशन दिसेपर्यंत कानातली सरकी काढत राहिले. मग एकदम म्हणाले, "काजळ!" आणि खिडकीत तोंड घालून... नाही, टांग्याला खिडकी नव्हती. टपाच्या कापडात तोंड घालून इतके हसले, की घोडा थांबला.

मिरवणूक झाली. फटफटी काही यांना जमली नाही, पण क्लबानं एकमतानं ठरवलं, की चिटणीस सायकलवरून सगळ्यांच्या पुढे जातील. ते गेले. रस्ताभर डावीकडे झुकत, पण गेले! त्यांना ओलांडायचं नाही म्हणून मागच्या फटफट्या मुंगीच्या पावलानं चालत होत्या. दोन तर तापून वाटेतच बंद पडल्या. त्यांच्याही मागे डेप्युटी कमिशनरसाहेबांची मोटार भोंगा वाजवत होती. वाचनालयाचं उद्घाटन तासभर उशिरा झालं.

आणि मी शिक्षा भोगायला नांदुऱ्याला गेले. जाताना यांना म्हटलं होतं, "तुम्हाला सहा रविवार लागले म्हणजे कमालच! त्यात एवढं आहे काय? नुसतं बसायचं आणि पाय हलवायचे." हे काही बोलले नाहीत. कोर्टात समोरचा साक्षीदार स्वतःच्याच जबानीत अडकायला लागला, की ते असेच गप्प बसतात.

त्या सकाळी मी तीनदा पडले. पहिल्यांदा उजवीकडे, दुसऱ्यांदा डावीकडे. तिसऱ्यांदा पडले तेव्हा सुंदराबाई घरात पाणी आणायला गेल्या होत्या आणि मी भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलवर नुसती बसले होते.