किसनभाऊंच्या तोंडचा माझा आवाज

किसनभाऊ गेल्याचं मला कृषी विद्यापीठाच्या कापूस विभागाच्या छापील कार्डावरून कळलं. 'कै. किसन यांच्या स्मृतीस अभिवादन, त्यानिमित्त विभागाच्या माहितीपटाचे प्रदर्शन व चहापान.' चहापान हा शब्द वाचला आणि मी ते कार्ड टेबलावर आपटलं. तोवर तेरावाही उरकला होता. ज्या माणसानं यांच्या कापसाच्या शेतात अठरा वर्षं काढली, त्याच्या मरणाची बातमी चार ओळखीच्यांना वेळेवर कळवावी एवढंही कुणाला सुचलं नाही, पण चहाचं सुचलं. तरी मी जळगाव जामोदहून एस.टी. पकडून नांदुऱ्याला उतरलो आणि विद्यापीठाच्या त्या संशोधन केंद्रावर गेलो. पडद्यावर कपाशीच्या ओळीत किसनभाऊ उभे होते. डोक्यावर टोपी, अंगात उसना सदरा. ते म्हणाले, "विभागातील शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनामुळेच मला हे तंत्र आत्मसात करता आले." सभागृहात टाळ्या पडल्या. तो आवाज किसनभाऊंचा नाही. तो माझा आहे. टाळ्या वाजत असताना मला खुर्चीत बसवेना.

विद्यापीठ तेव्हा नवंच होतं आणि मी विभागात संशोधन सहायक होतो, हंगामी. किसनभाऊ मजुरांचे मुकादम. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, पण कोणत्या ओळीत कोणतं वाण आहे हे रजिस्टर न उघडता सांगायचे. माझ्या पुस्तकी बोलण्याची त्यांना फार गंमत वाटायची. "भाऊ, तुमी बोलता तं रेडिओ लागल्यावानी वाटते," म्हणायचे, आणि मला ती स्तुती वाटायची... इतका मी शहाणा होतो.

संकरित कापसाचं बी करायचं तर दुपारनंतर न उमललेल्या कळीतले पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिथं लावावा लागतो. आम्ही पदवीधर मंडळी हे चिमट्यानं करत होतो. दहातल्या सात कळ्या गळून पडायच्या. किसनभाऊंची बायको, भीमावहिनी, तिथं निंदणाला रोजानं यायच्या. एका दुपारी त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फुलाले चिमटा काऊन लावता? दुखते त्याले." मग अंगठ्याच्या नखानं कळीच्या बुडाशी गोल चीर दिली आणि लेकराच्या डोक्यावरचं टोपडं काढावं तसं सगळं अलगद उचललं. मधला नाजूक दांडा जसाच्या तसा. आठवड्यानं पाहिलं तर त्यांच्या बहुतेक कळ्या धरल्या होत्या. किसनभाऊ त्यांच्याकडून ते शिकले, मग बाकीच्या बायांना शिकवलं. विभागाच्या अहवालात त्याला 'सुधारित नखपद्धती' असं नाव मिळालं आणि खाली साहेबांची सही आली. अहवाल मीच लिहिला होता, हेही सांगून टाकतो.

मग साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, विभागाचा प्रचारपट काढायचं ठरवलं. मुंबईहून दिग्दर्शक आले, कॅमेरा आला, आवाज टिपायचं यंत्र आलं. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं पटतं म्हणून किसनभाऊंची मुलाखत घ्यायची ठरली. प्रश्न मी लिहिले आणि उत्तरंही मीच लिहिली. दोन दिवस त्यांच्याकडून घोकून घेतली. ते मान डोलवत राहिले. कॅमेरा सुरू झाला आणि मी विचारलं, "किसनराव, हे तंत्र तुम्हाला कोणी शिकवलं?"

ते थांबले. कळीकडे पाहिलं... आणि म्हणाले, "भीमानं. तिनं नखानं फूल सोललं तवा आमाले समजलं. आमी तं चिमटेच घेऊन बसलो होतो."

ओळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. हसण्यासारखंच होतं. आमच्याकडे त्या पिढीचा माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडून फक्त 'बाबूची माय' ऐकलं होतं. घरातही ते "आयकलं का" म्हणूनच हाक मारत. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर, साहेबांसमोर, परक्या माणसांसमोर त्यांनी नाव घेतलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घेतलं बा. तिचं काम, तं तिचंच नाव घ्या लागते." वहिनी त्या दिवशी तापानं घरी होत्या. त्यांना त्यांनी संध्याकाळी सांगितलं.

साहेब हसले नाहीत. "निंदणाऱ्या बाईनं शिकवलं, तर विभाग काय करत होता? आणि ही भाषा पुण्यात दाखवायची?" असं त्यांनी मला खोलीत बोलावून विचारलं. कपाशी परत फुलावर यायला वर्ष लागणार होतं, तेव्हा चित्र तेच ठेवायचं आणि आवाज नवा भरायचा असं ठरलं. "तुमचं मराठी स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. माझी कायम होण्याची फाइल त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी तिचं नावही काढलं नाही, काढायची गरजच नव्हती. मी मुंबईला गेलो, काचेच्या खोलीत बसलो आणि किसनभाऊंच्या ओठांबरोबर साहेबांचं वाक्य म्हणून आलो. पुढं मी विभाग सोडला तो काही लाज वाटून नव्हे, बढती हुकली म्हणून, आणि जळगाव जामोदला शाळेत मास्तर झालो.

केंद्रावर पहिल्यांदा पट दाखवला तेव्हा किसनभाऊ माझ्या शेजारी बसले होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "आवाज चांगला हाये भाऊ. पन म्या हे नोतो म्हनलो." भांडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मोताळ्याच्या बाजारात, गावोगावी तो पट लागला. वहिनी "मले दाखवा" म्हणायच्या आणि ते दर वेळी काहीतरी निमित्त काढायचे. बैल आजारी आहे, गर्दी फार आहे, पुढच्या खेपेले जाऊ... शेवटपर्यंत त्यांनी बायकोला तो पट पाहू दिला नाही.

अभिवादनाला वहिनींना बोलावलंच नव्हतं. मी तडक त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "माहं नाव घेतलं म्हने त्याईनं त्या सिनेमात. मले एकडाव आयकवा भाऊ." मी परत विभागात गेलो आणि मूळ आवाजाची फीत मागितली. कारकुनानं कपाटसुद्धा उघडलं नाही. "ती केव्हाच पुसली. साहेबांच्या भाषणाला वापरली." मी त्याच्यावर ओरडलो. त्याचा काय दोष? पण ओरडलो. मग शाळेत दाखवायला हवा असं खोटं लिहून देऊन पटाचा डबा घेऊन आलो.

पुढच्या रविवारी वहिनी एस.टी.नं आल्या. शाळेची खोली अंधारी केली, प्रोजेक्टर लावला आणि आवाज बंद ठेवला. "आवाज काऊन नाई?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, त्या काचेच्या खोलीपर्यंत. त्या म्हणाल्या, "तुमी त्याईच्या ताटात जेवले भाऊ, अन् त्याईचंच तोंड दाबलं?"

मी प्रोजेक्टरच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"चालू करा. आवाज नोका देऊ."

पडद्यावर किसनभाऊ थांबले, कळीकडे पाहिलं आणि बोलले. भीमा म्हणताना ओठ दोनदा मिटतात. तेवढे मिटलेले स्पष्ट दिसले. वहिनी स्टुलावरून उठून पडद्याजवळ गेल्या. "हे... आत्ता म्हनलं. मांघं घ्या." मी सात वेळा मागं घेतलं. निघताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दारात उभा होतो, त्यांनी पदर सावरला आणि बाजूनं निघून गेल्या.

डबा परत करा म्हणून विभागाची दोन पत्रं आली आहेत. दुसऱ्यात शासकीय मालमत्ता वगैरे शब्द आहेत. त्याचं उत्तर इथंच छापून देतो, चार लोकांच्या देखत, म्हणजे पुन्हा कुणाला दुसरा आवाज भरता येणार नाही. त्या पटात बोलणारा मी आहे. ते तंत्र भीमाबाईंचं आहे. डबा माझ्याकडेच आहे आणि मी तो देणार नाही. वहिनी काल दुसऱ्यांदा येऊन पट पाहून गेल्या. माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण पुढच्या रविवारी येते असं शाळेच्या शिपायाला सांगून गेल्या आहेत.