शनवाऱ्यातली दुरुस्तीवाली

आमच्या गावच्या शनवारा भागातल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोरीचं नाव मी विचारलंच नाही. कणीक मळायला बसावं तशा बांगड्या कोपराकडे सरकवून तिने आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून कुंकू निघालं. साठीतली मी एवढी हुशार, की व्हायरस पळावा म्हणून दसऱ्याला त्याच्या जाळीतून हळदकुंकू वाहायची! ती हसली नाही. ब्रशने हळूच झाडत राहिली.

बाकीचे दुरुस्तीवाले म्हणाले होते, फेकून द्या. पण आमच्या ह्यांनी पेपर मिलमधून मला पाठवलेल्या मेल त्यातच होत्या, आणि आता हे नाहीत.

"आजी, मशीन म्हातारी आहे, बेकार थोडीच! ह्या ब्राउझरला आता अपडेट येत नाही, धोका तिथे आहे. नवा, हलका टाकते. मेलचा प्रोग्रामही असा देते, की अनोळखी माणसाच्या मेलमधले फोटो तुम्हाला विचारल्याशिवाय उघडणार नाहीत."

जुन्या मेल नव्या प्रोग्राममध्ये आणल्यावर तिने आपली खुर्ची भिंतीकडे वळवली. "तुमच्या मेल तुम्हीच बघा. मी नाही वाचत."

मी पहिली उघडली. 'आज पुन्हा वांगी? मी कँटीनमध्येच जेवतो.'

हसता हसता माझे डोळे भरले.

"काय झालं आजी? सगळं आलं ना?" तिने पाठमोरीच विचारलं.

"आलं गं पोरी, अख्खं भांडण सुखरूप आलं."