जिवंत कोण, बाद कोण

कापणीच्या सणाला बायकांची कबड्डी ठेवायची, ही कल्पना आमच्या नव्या पाळकसाहेबांची. श्रीगोंद्याजवळचं आमचं चर्च लहान, पण मागे ऐसपैस पटांगण. केडगावच्या मंडळीतल्या बायका ट्रॅकपँट घालून आल्या. आम्ही साड्या खोचल्या आणि त्यांच्या वयाकडे न बघण्याचं ठरवलं.

मी कर्णधार. संडेस्कूलच्या बाई म्हणून गावात माझा शब्द चालायचा. पाप हा विषय मी इतकी वर्षं शिकवला होता, की तो स्वतःला लागू होतो हे ध्यानातच राहिलं नव्हतं. उपदेशात ‘आपल्याला तारणाऱ्याची गरज आहे’ असं वाक्य आलं, की मी हळूच धाकट्या जावेला कोपर मारायची. ऐकून घे, अशा अर्थाने.

खेळ सुरू झाला आणि पहिल्यांदा बाद झाली ती जाऊच. मला बरंच वाटलं. पण जरा वेळाने केडगावच्या एका दणकट मुलीने माझी कंबर धरली आणि मीही रेषेबाहेर जावेशेजारी येऊन बसले. आमच्यापैकी कुणी त्यांचा गडी मारला, की आमचा एक गडी जिवंत होणार. जो आधी बाद झाला, तो आधी आत.

थोड्या वेळाने आमच्या एकीने गडी मारला. पंच पाळकसाहेबच होते. शिट्टी फुंकून त्यांनी विचारलं, “आधी कोण बाद झालं होतं?”

“मी,” मी म्हणाले. तोंडातून आलं ते आलं, मी उठून उभीही राहिले होते.

त्यांनी जावेकडे पाहिलं. ती गुडघा चोळत राहिली. “बाई सांगतात म्हणजे तसंच असणार,” ते म्हणाले.

त्या विश्वासापेक्षा त्यांनी मारलं असतं तरी परवडलं असतं. लगेच चढाईला गेले. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत चार पावलं टाकली आणि दम तुटला. मला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. केडगावच्या पोरी पोट धरून हसल्या. मी परत बाहेर.

“तुझी पाळी होती,” मी जावेला म्हटलं.

“म्हाईत हाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी मोठ्या, अक्का. पाळकाम्होरं तुमची लाज काढू व्हय?”

ती चिडली असती तर मीही भांडले असते. ते मला चांगलं जमतं. पण आता बसवेना. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं, “साहेब, मी खोटं बोलले. पाळी हिची होती.”

पाळकसाहेब गोंधळले. “पण बाई, तुम्ही आता बादच आहात. आणखी काय बाद करू?”

बसले गुपचूप. बाहेर बसलेल्याला आपलं आपण आत येता येत नाही. मी संडेस्कूलला एकदाही खाडा केला नाही, किती गाणी तोंडपाठ, त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. आतल्या कुणीतरी माझ्यासाठी जाऊन यायला हवं होतं.

त्यांचा पुढचा गडी मेला आणि जाऊ आत गेली. दुखऱ्या गुडघ्याने चढाईला निघाली, त्यांच्या कर्णधाराच्या पायाला हात लावला आणि अक्षरशः रांगत मधली रेषा शिवली.

पाळकसाहेबांनी शिट्टी फुंकली. बाहेर मी एकटीच उरले होते, तरी उठवेना.

“या की आत!” जाऊ ओरडली. “का आता पत्रिका छापू?”

गेले. सामना आम्ही हरलोच, तोही सडकून. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ‘प्रभू, मला तार’ म्हणताना या वेळी शेजारी कुणाकडे पाहिलं नाही.

पंगतीत मात्र जाऊ ताटामागून ताट वाढत ही हकिकत सांगत सुटली, आणि प्रत्येक ताटाला थोडं मीठ जास्त. “मंग अक्का लई रडल्या!”

“रडले नाही,” मी लांबून ओरडले, “डोळ्यात धूळ गेली होती!”

तिने वरणाचा डाव वर धरला. “बघा साहेब, झालं पुन्हा सुरू!”

खरं सांगायचं तर, धूळ थोडीच होती.