तिळगुळाची आठ कार्डं

माझ्याइतकी धांदरट बाई उभ्या जळगावात नसेल, असं सासूबाई म्हणत. मला भारी राग यायचा. पण त्या संक्रांतीनंतर बोलायला मला तोंडच उरलं नाही.

थोरल्याच्या बाळंतपणाहून परतले, त्याला तीन वर्षं झाली होती. धाकटी इथंच झाली. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात, फार लांब नाही. पण जायचं म्हटलं की काहीतरी निघायचंच. आदल्या वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, न्यायला आले आणि तसेच परत गेले. मी वाळले आहे, असं त्यांनी घरी सांगितलं असणार. तेव्हापासून आईनं माझा घोर घेतला होता. मी मजेत आहे, एवढं मला तिला पटवायचं होतं.

म्हणून संक्रांतीला कार्डं करायला घेतली. पोस्टाची आठ कार्डं, शेजारच्या रंगाऱ्याकडून मागून आणलेला कोयरीचा लाकडी ठसा आणि डिंकाच्या पाण्यात कालवलेलं कुंकू. एकेका कार्डावर कोयरी उमटायची, तेव्हा काय सुरेख दिसायची! पण सुखानं बसू देतील तर शपथ. सासरे काढा मागत होते, थोरल्यानं पीठ सांडलं, आणि मी पाठ वळवते तोच धाकटीनं एका कार्डाचा कोपरा चावून चोथा केला. कात्री सापडेना. सासूबाईंचा अडकित्ता घेतला आणि तो कोपरा झटक्यात उडवला. तेवढ्यात दूध उतू गेलं.

चांगली सात सासरच्या माणसांना. कापलेलं आईला, आपल्याच माणसाला काय, चालतं! ‘मी सुखरूप आहे, काळजी नसावी’ असं लिहून टाकलंसुद्धा पेटीत. माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती, देव जाणे.

चौथ्या दिवशी दुपारी मी पोळ्या लाटत होते. दारात आबा. डोक्याला पागोटं नाही, डोळे सुजलेले. माझ्याकडं बघितलं आणि मटकन उंबऱ्यावरच बसले.

“माय, तू जित्ती शे?”

मी हसले. अहो, खरंच हसले! म्हटलं, “आबा, असं काय विचारता? मला काय धाड भरलीय?”

“तुन्हं कार्ड घर उनं,” ते म्हणाले. “कोपरा नव्हता त्याले.”

हातातलं लाटणं खाली पडलं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तसलं कार्ड कुणी घरात ठेवत नाही. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं जळगावचं म्हणून दिलं; तिथून मयताची बातमी माझ्याशिवाय कुणाची येणार? तिनं ते उलटूनसुद्धा पाहिलं नाही, बाहेरच्या बाहेर नाल्यात टाकलं. आबा शेतातून आले, अंगावर पाणी ओतलं आणि मिळेल त्या गाडीनं निघाले.

मी कपाळ बडवून घेतलं. शिव्या द्यायच्या सोडून सासूबाईंनी आबांना पाणी दिलं. मला मात्र एकच दिसत होतं: आई तिकडं ऊर बडवत असेल, आणि तेही माझ्यापायी.

“आबा, आई फार रडली का हो?”

आबांनी तांब्या खाली ठेवला. सासूबाईंकडं बघितलं, मग जमिनीकडं.

“नही रडनी.”

“मग?”

सांगू का नको, असं त्यांचं चाललं होतं. मी पुन्हा विचारलं, जरा रागानंच. आई देवापुढं जाऊन बसली, म्हणाले. हात जोडले. आणि एवढंच बोलली:

“सुटनी मन्ही पोर.”