गोलकीपरला लॅमिनेशन

आमच्या शेजाऱ्यांच्या गराजमध्ये गाडी कधीच नसते. इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत हिवाळा सुरू झाला की लोक गराजसाठी जीव टाकतात, आणि हा माणूस स्वतःची गाडी बाहेर गोठवत ठेवून आत हॉकीची कार्डं सांभाळतो. बर्फावरच्या हॉकीची. पूर्वी बबलगमच्या पुडीत खेळाडूंच्या चित्रांची पुठ्ठ्याची कार्डं मिळायची, ती. शेजारी पंचाहत्तरीच्या पुढचे, बायको गेलेली, मुलं दुसऱ्या राज्यांत. लहानपणी जमवलेली कार्डं आणि नंतर आयुष्यभर विकत घेतलेली कार्डं, अशी खोकीच्या खोकी त्यांच्या भिंतीला लागून रचलेली आहेत. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, हे काहीतरी खूळ आहे. अजूनही वाटतं, पण आता मी ते कुणाला बोलू देत नाही.

बाबा नागपूरहून आले ते मे महिन्यात. आई जाऊन वर्ष झालं होतं. फ्लॅटमध्ये एकटे राहत होते, आणि फोनवर विचारलं की "जेवलो ना" एवढंच सांगायचे. काय जेवलात असं खोदून विचारलं की कळायचं, दहीभात. काल? दहीभात. मला त्यांना इथेच ठेवून घ्यायचं होतं, कायमचं नाही जमलं तर निदान जमेल तितकं. पण तसं म्हटलं असतं तर ते आलेच नसते. म्हणून मी परतीचं तिकीट सप्टेंबरचं काढलं. विमानतळावरच्या शिक्क्याप्रमाणे त्यांना नोव्हेंबरपर्यंत राहता येत होतं. मनात म्हटलं, एकदा रुळू देत, मग तिकिटाचं बघू.

कसले रुळतायत! आमच्या भागात दिवसा रस्त्यावर माणूस दिसत नाही. बाबा सकाळी तळ्याभोवती फेरी मारून यायचे आणि विचारायचे, "इथले लोक राहतात कुठे?" मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, नवरा कामासाठी अर्धा आठवडा परगावी. बाबा खिडकीत बसून डिलिव्हरीची गाडी कोणत्या घरी थांबते ते बघत राहायचे. जूनमध्येच त्यांनी बॅगचं वजन करून ठेवलं होतं.

मग एक दिवस फेरीवरून परत येताना त्यांना ते उघडं गराज दिसलं. शेजारी टेबलाशी बसून भिंगातून एक कार्ड निरखत होते. बाबा दारात उभे राहिले. बाबांची सवयच आहे ती, कुणी काही करत असलं की उभं राहून बघायचं. शेजाऱ्यांनी हात करून आत बोलावलं. दोन तासांनी मी शोधत गेले तर बाबा खुर्चीवर बसलेले, डोळ्याला भिंग लावलेलं, आणि स्टीलच्या पट्टीने कार्डाची पांढरी किनार मोजणं चाललं होतं.

यातली गोष्ट अशी, की या जुन्या कार्डांना ग्रेड असते. एक ते दहा. कोपरे दुमडलेत का, कडा झिजल्यात का, चित्र बरोबर मधोमध छापलंय का, पृष्ठभागावर चरा किंवा डाग आहे का, असं सगळं बघून कंपन्या आकडा देतात आणि कार्ड जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. बाबा गणिताचे शिक्षक होते. हयातभर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासलेले. मार्क देणं हा त्यांच्या रक्तातला विषय. हॉकी म्हणजे त्यांच्या लेखी मातीच्या मैदानावरची. बर्फावर काठ्या घेऊन धावणारी माणसं त्यांना कधीच पटली नाहीत. पण किनार डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी आहे, हे समजायला हॉकी कशाला लागते?

तेव्हापासून रोज दुपारी चहा झाला की बाबा शेजारी. दोघांना मिळून पन्नास-साठ शब्द पुरायचे. शेजारी कार्ड पुढे करायचे, "एट?" बाबा भिंगातून बघून मान हलवायचे, "सिक्स." शेजारी कळवळून "सेव्हन!" म्हणायचे. बाबा पट्टी लावून दाखवायचे, सहा ते सहाच. मी हाक मारते ते ऐकून शेजारी त्यांना 'बाबा' म्हणायला लागले, त्यांना ते नावच वाटलं होतं. बाबा त्यांना 'भाऊ' म्हणायचे. घरी आल्यावर मला त्या दिवशीचा निकाल ऐकावा लागायचा. "तुझा तो भाऊ पेपर तपासायला बसला असता ना, तर अख्खा महाराष्ट्र फर्स्ट क्लासात पास झाला असता." दहीभाताचं नाव निघत नव्हतं. मी एकदा सहज म्हणून नोव्हेंबरचा विषय काढला, तर "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे पाऊण होकार.

शेजाऱ्यांकडे एक कार्ड असं होतं, की ते त्यांनी कधी कुठे पाठवलं नव्हतं. तोंडाला मार लागू नये म्हणून घालायचे मुखवटे यायच्या आधीच्या काळातला एक गोलकीपर, गालावर टाके घातल्याची खूण, आणि त्याही परिस्थितीत बेरकी हसणारा. हे कार्ड त्यांनी लहानपणी कॅनडाच्या सीमेजवळच्या गावात, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या पुडीतून काढलं होतं. बाबांनी त्याला साडेसात दिले. बाबांचे साडेसात! शेजारी इतके खूश झाले, की म्हणाले, आता हे पाठवायचंच. कंपनीचा अर्ज ऑनलाइन, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो हवे, आणि त्यांचं कॉम्प्युटरशी वाकडं. म्हणून ते कार्ड मऊ पाकिटात घालून त्यांनी माझ्याकडे दिलं. द्यायच्या आधी हात पँटला पुसले, ते माझ्या लक्षात आहे. मी ते डायनिंग टेबलावर ठेवलं आणि वर जाऊन मीटिंगला बसले.

आता आमच्याकडच्या लॅमिनेशन मशीनबद्दल सांगायला हवं. लॉकडाऊनमध्ये मी ते हौसेने घेतलं आणि कपाटात टाकलं. बाबांना ते सापडलं आणि घराचं सरकारी कार्यालय झालं. आरत्यांचा कागद, गोळ्यांच्या वेळा, कचऱ्याचे वार, वायफायचा पासवर्ड, सगळं लॅमिनेट. दहावीच्या मार्कशीटपासून रेशनकार्डापर्यंत जे जे जपायचं ते प्लास्टिकमध्ये घालायचं, हा त्यांच्या पिढीचा धर्म आहे. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी लॅमिनेट करून ठेवली आहे.

मी खाली आले तेव्हा बाबा डायनिंग टेबलाशी बसून कात्रीने प्लास्टिकची कड कापत होते. इतक्या काळजीने, की जीभ ओठांवर आलेली. मला बघून त्यांनी ते वर धरलं.

"बघ. चारी बाजूंनी सारखी किनार. दहापैकी दहा."

आत गोलकीपर हसत होता.

मी काय ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, विचारायचं तरी, ते आपलं नाही, त्यांचं आहे, अख्ख्या आयुष्याचं आहे. बाबांना आधी समजेचना. "ते कंपनीवाले तरी काय करणार होते? प्लास्टिकमध्येच बंद करणार होते ना? तूच सांगितलं होतं. मी म्हटलं, भाऊचे पैसे वाचतील." मग मी सांगितलं, की कंपनीची डबी कार्डाला चिकटत नाही. हे चिकटलं. गरम गोंद पुठ्ठ्यात मुरला, आता सोडवायला गेलं तर चित्र सोलून निघेल. याला आता कुणी ग्रेड देणार नाही. बाबांनी कात्री खाली ठेवली, आणि कापलेले तुकडे एकेक करून मुठीत गोळा केले.

मी लॅपटॉप उघडून तसंच दुसरं कार्ड शोधायला लागले. सापडलंही. बाबा म्हणाले, "बंद कर ते. एकाच्या जागी दुसऱ्याचा पेपर लावत नसतात. चल, मला घेऊन चल."

आम्ही गेलो. बाबांनी दोन्ही हातांनी ते पुढे केलं. मी दुभाषी. बाबा बरंच बोलले, मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. शेजाऱ्यांनी कार्ड घेतलं, उलटून बघितलं. मान लाल झाली. आणि मग, मिनेसोटात जन्मलेला माणूस जे म्हणतो तेच ते म्हणाले. "दॅट्स ओके. डोन्ट वरी अबाउट इट." वर हसले. हवा छान आहे म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. परत येताना बाबांना म्हटलं, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस आहे.

बाबा वळून वळून गराजकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते गेले आणि लगेच परत आले. शेजारी बिझी होते. तिसऱ्या दिवशीही. गराज उघडं असायचं, पण बाबा दिसले की शेजारी उठून झाडांना पाणी घालायला लागायचे. "हाउ आर यू, बाबा? हॅव अ गुड वन!" तोंडभर हसून. असे दोन आठवडे गेले. मी बाबांना समजावत होते, की ते रागावलेले नाहीत, इथली पद्धतच तशी आहे. बाबा म्हणाले, "मला शिकवू नको. तो मला पाहुण्यासारखं वागवून राहिला."

आणि मग त्यांनी बॅग पुन्हा काढली. वजनकाटाही. सप्टेंबरच्या तिकिटाची प्रिंट मागितली. रात्री भाजी तशीच ठेवून म्हणाले, जरा दहीभात असेल तर बघ. मला शेजाऱ्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! एका पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी माझा बाप परत त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये जाणार होता. बाबांचाही राग येत होता, त्या मशीनचाही, आणि कार्ड उघड्यावर ठेवून मीटिंगला बसलेल्या माझाही.

शनिवारी सकाळी मी भांडी घासत होते. बाबा कधी बाहेर पडले ते कळलं नाही. पहिल्यांदा ऐकू आला तो शेजाऱ्यांचा आवाज, आणि तो त्यांचा आहे हेच मला ओळखता येईना. या गल्लीत मी कुणाला ओरडताना ऐकलेलं नाही. मी साबणाच्या हातांनीच धावत गेले.

बाबा टेबलासमोर उभे होते. समोरच्या खोक्याचं झाकण अर्धवट लागलेलं. बाबांना बघून शेजाऱ्यांनी नेहमीसारखं हसून ते लावायला घेतलं असणार, आणि बाबांनी त्यावर हात ठेवला होता. बाबा म्हणत होते, "नो ओके. नो ओके! यू अँग्री. से अँग्री."

आणि शेजारी ते से करत होते. लाल होऊन, टेबलावर मूठ आपटून. साठ वर्षांवर जपलं होतं ते कार्ड, स्वतःच्या पोरांना हात लावू दिला नव्हता, आणि तू, तू ते इस्त्री केल्यासारखं भाजून काढलंस! मधे मधे शिव्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचाही बांध फुटला, तो थेट नागपुरी मराठीत.

"अरे, मग त्या दिवशीच काहून नाही ओरडला बाप्पा! मी चुकलो ना? मग बोल ना मला! हॅव अ गुड वन, हॅव अ गुड वन लावलं! मी काय परका आहे का तुला?"

दोघं समोरासमोर धापा टाकत उभे. शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाला तो?

मी शब्द न् शब्द सांगितला. परका आहे का, हे दोनदा सांगितलं. शेजारी खुर्चीत बसले. कपाळ पुसलं. म्हणाले, "आमच्याकडे ओरडत नाहीत गं. माझ्या बापाने कधी आवाज चढवला नाही. राग आला की तो बोलायचाच बंद व्हायचा, वर्षानुवर्षं."

मी ते बाबांना सांगितलं.

"मग आता शिकला म्हणावं," बाबा म्हणाले. "बरं ओरडतो."

हेही मी सांगितलं. शेजारी हसले नाहीत. ते अजून रागातच होते, आणि तो राग काही लगेच जाण्यासारखा नव्हता. बोट उगारून मला म्हणाले, त्याला सांग, यापुढे या गराजमधून एकही कार्ड बाहेर जाणार नाही. एकही. बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." मग शेजाऱ्यांनी ते खोकं टेबलावरून सरकवलं, जरा आदळतच, आणि भिंग बाबांच्या बाजूला टाकलं. बाबांनी हात शर्टाला पुसले आणि खुर्ची ओढली. मी तिथे कशाला उभी आहे असं दोघांनीही माझ्याकडे बघितलं, म्हणून मी घरी आले.

बाबा दिवेलागणीला परतले. जेवायला बसले, भाजी दोनदा वाढून घेतली. सगळ्या कार्डांना सहाच्या आत दिले म्हणे, भाऊचं डोकं पुन्हा फिरलं, पुन्हा ओरडला. हे सांगताना इतके खुशीत होते!

"त्याच्याकडे कॅलेंडर आहे," मग ते म्हणाले. "त्याने नोव्हेंबरवर बोट ठेवून दाखवलं. कार्डांचं प्रदर्शन आहे. टेबलावर दोन माणसं लागतात."

"तुमचं तिकीट सप्टेंबरचं आहे, बाबा."

"कधीचं आहे ते मला माहीत आहे. बदलायला पैसे पडतात का?"

"पडतात."

"पडू दे," बाबा म्हणाले, आणि चटणी मागितली.

मी चटणी द्यायच्या निमित्ताने ओट्याकडे तोंड केलं आणि तशीच उभी राहिले. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते त्यांना दिसलं असतं, तर त्या 'पडू दे'चं त्यांनी परत 'बघू' करून टाकलं असतं.