दुप्पटकाकूंचा भाडेकरू

इस्त्रीच्या दुकानात बसणाऱ्या बाईला बोलायला खरं तर सवड नसावी. तापलेली इस्त्री कुणासाठी थांबत नाही. बोलण्याच्या नादात हात थबकला, की गिऱ्हाइकाच्या पाठीवर कायमची खूण. पण काकूंच्या हाताचं आणि जिभेचं कधी भांडण झालं नाही. दोन्ही एकाच वेळी चालत. हात जितका नेमका, तितकी जीभ सैल. शर्टाची घडी तसूभर हलायची नाही. पण काकू काही सांगायला लागल्या, की एका माणसाची दोन माणसं होत आणि बोटभर जखम वीतभर. म्हणून गल्लीने त्यांचं नाव ठेवलं दुप्पटकाकू. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी चौपट म्हणत होते. मीच कमी करायला लावलं."

स्वतःच्या फायद्यासाठी त्या कधी खोटं बोलल्या नाहीत. कौतुक करताना त्यांना हात आखडता घेता येत नसे, एवढंच. आणि त्या कौतुकाचा सगळ्यात मोठा वाटा जाई वरच्या खोलीतल्या भाडेकरूला. समुद्रापलीकडच्या देशातून तो पूल बांधायची विद्या शिकायला आलेला. उंच इतका, की दारातून वाकूनच ये-जा करायचा. अबोल इतका, की जिन्याला त्याच्यापेक्षा जास्त बोलता येई. शर्टाचं बटण तुटलं तर ते हातात घेऊन तो खाली येऊन उभा राही, हरवलेल्या पोरासारखा. पण काकूंच्या तोंडून ऐकाल, तर कॉलेजात पहिला आणि घरात सगळ्यांच्या वर.

अशा परदेशी विद्यार्थ्यांना राहण्याचा परवाना दरवर्षी नव्याने काढावा लागे. त्याआधी नोंदणी कचेरीतून तपासनीस यायचा. मुलगा दिलेल्या पत्त्यावर राहतो का, अभ्यास करतो का, हे बघून जायचा. आधीच्या दोन्ही वर्षी तो आला तेव्हा दुकानात काका होते. काकांनी "राहतो. शिकतो," एवढं सांगून त्याला वाटेला लावलं होतं. यंदा काका दाढ काढायला गेले होते.

"इथं परदेशी विद्यार्थी राहतो का?" तपासनिसाने विचारलं.

"राहतो म्हणजे? घरचाच आहे हो. पोटच्या पोरानं करू नये एवढं करतो."

"काय काय करतो?"

इतक्या आपुलकीने विचारणारा माणूस काकूंना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. त्यांनी त्याला स्टूल दिलं, चहा दिला.

"काय करत नाही ते विचारा! सकाळी दुकान तोच उघडतो. इस्त्रीवर हात तर असा बसलाय, की गिऱ्हाइकं त्याचंच नाव घेत येतात. मी आपली नावापुरती. आणि एवढं करून कॉलेजात पहिला!"

तपासनिसाने सगळं लिहून घेतलं. काकूंना वाटलं, पोराचं नशीबच थोर, सरकारदरबारी कौतुक पोचलं.

ते पोचलं खरं. आठवडाभरात भाडेकरू कचेरीचा कागद घेऊन खाली आला. तोंड एवढंसं झालेलं.

"काकू, परवाना अडकला. शिकायला आलेल्यानं शिकायचं, काम करायचं नाही, असा नियम आहे. पगारी नाही, बिनपगारीही नाही. सोमवारी तुम्हाला घेऊन बोलावलंय. त्यांची खात्री पटली नाही, तर शेवटच्या परीक्षेआधीच मला परत जावं लागेल."

काकूंच्या हातातली इस्त्री पहिल्यांदाच थबकली. काकांनी धावत येऊन ती उचलली.

"आता काय सांगणार?" सुजलेला गाल धरून काकांनी विचारलं.

"सांगेन, याला काही म्हणजे काही येत नाही."

"जमेल तुला?"

"नावं ठेवायला काय अक्कल लागते?"

"तू आजवर कुणाला ठेवली नाहीस, म्हणून विचारलं."

सोमवारी कचेरीत टेबलामागे जाड चष्म्याच्या अधिकारीबाई बसल्या होत्या. भिंतीला टेकून तपासनीस उभा. काकू आणि भाडेकरू समोरच्या बाकावर.

"बाई, हा मुलगा तुमच्या दुकानात काम करतो का?"

"हा?" काकू सरसावून बसल्या. "छे हो! याच्या हाती इस्त्री म्हणजे घराला आग. शंभर शर्ट जाळलेत यानं!"

अधिकारीबाईंनी मान वर केली. "शंभर शर्ट याच्या हाती दिले कुणी?"

भाडेकरूने डोळे मिटले. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

"शंभर नसतील. पन्नास."

"पन्नास?"

"वीस... म्हणजे तसे वीस नव्हे..."

"काकू," भाडेकरू हळूच म्हणाला, "झालं तेवढंच सांगा ना."

ओल्या चादरींची गाठोडी उचलण्यात काकूंचा जन्म गेला होता, पण एवढं जड ओझं त्यांनी कधी उचललं नव्हतं.

"एक," त्या म्हणाल्या. "एकच. तोही त्याचा स्वतःचा. मी तापानं पडले होते, मला त्रास नको म्हणून हा गुपचूप खाली आला होता."

आणि त्याला न विचारताच त्यांनी त्याच्या शर्टाचं मागचं टोक विजारीतून ओढून काढलं. तिथे इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग होता. "दुसरा बरा शर्ट नाही याच्याकडे. खोचला की दिसत नाही."

भाडेकरूचे कान लाल झाले. तपासनीस खोकला आला नसताना खोकला. अधिकारीबाईंनी तो डाग चष्म्यावरून बघितला, मग चष्म्यातून बघितला.

"मग त्या दिवशी यांना सांगितलंत ते?"

लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं, असं म्हणता आलं असतं. काकूंच्या ओठांवर ते आलंही. पण बिचारा तपासनीस त्यांच्याच स्टुलावर बसून, त्यांचाच चहा पिऊन गेला होता.

"त्यांनी बरोबर लिहिलं. मीच खोटं बोलले."

"का पण?"

"याची आई लांब आहे हो. इथं याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलायला कुणीतरी हवं ना."

अधिकारीबाईंनी कागद उलटला. "कॉलेजात पहिला येतो, असंही इथं लिहिलंय."

"सतरावा," काकू खाली मान घालून म्हणाल्या.

शिक्का उठला आणि पडला. "एक वर्ष. आणि बाई, पुढच्या खेपेला दुकानात यजमानांना बसवा."

कचेरीच्या पायऱ्या उतरताना भाडेकरू आपणहून बोलला. असं क्वचितच होई.

"तुम्ही सांगता तो मुलगा मी नाही, हे ठाऊक होतं मला. पण जिन्यात थांबून ऐकायला बरं वाटायचं."

काकूंनी पिशवीतला रुमाल काढला, उगीचच त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

त्या दिवसापासून घरात नियम म्हणजे नियम. भाडेकरूने पाण्याची बादली उचलली, की काकू खालून ओरडत, "ठेव खाली! परवान्यात बसत नाही." ताट विसळायला घेतलं, तरी परवाना आडवा. शेवटी बादली काकांच्या हाती आली. एके सकाळी ती वर नेताना काका अर्ध्या जिन्यात टेकले.

"अगं," त्यांनी दम खात विचारलं, "हा परवाना मला कुठं मिळेल?"

"आधी कुठलं कॉलेज तुम्हाला घेतंय का ते बघा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा शर्ट ओढला.